विझला हो!

भातसानगरला आलेल्या पाहुण्याला आधी धरण दाखवतात आणि मग आंघोळीला पाठवतात. हा क्रम उलटा केला तर पाहुणा धरण बघायला थांबत नाही, असा इथला अनुभव आहे.

धरण मात्र थांबून बघण्यासारखं आहे. ८८.५ मीटर उंच, किलोमीटरला जेमतेम कमी लांब, आणि काठोकाठ भरलं की पोटात मुंबईच्या हिशेबाचं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर पाणी. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची क्षमता मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर भरते. म्हणजे हिशेब करायला बसलं तर मुंबईचा जवळजवळ दर दुसरा तांब्या आमच्याकडचा. इथून सुटलेलं पाणी नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग मुंबईत कुठल्याशा विसाव्या मजल्यावर शॉवरमधून एखाद्याच्या टाळूवर पडतं. तो इसम डोळे मिटून गाणं म्हणत असतो. त्याच वेळी शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेत उभे असतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा इथल्या वार्ताहरांनी इतक्या वेळा दिला आहे, की एप्रिल उजाडला की तो छापखान्यात आपोआप जुळत असावा. हा विषय मोठा आहे आणि विनोदाचा मुळीच नाही. माझा विषय त्यापुढे अगदीच किरकोळ, जेमतेम बोटभर उंचीचा आहे. गिझरच्या पोटातली ज्योत.

आमचा गिझर गॅसवरचा. विजेचा का नाही घेतला, असं शहरातले नातेवाईक विचारतात. धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. वरची म्हण विजेलाही लागू पडते, एवढंच सांगून पुढे जातो.

‘नळ सोडला की पेटतो, नळ बंद केला की विझतो,’ असं दुकानदार गिझर विकताना सांगतो. यातलं निम्मं खरं निघतं. विझण्याच्या बाबतीत तर तो नळ बंद होण्याची वाटही बघत नाही. पेटण्याची मात्र एक लांबलचक साखळी आहे. नळ सोडला की पाणी गिझरमध्ये शिरतं. तिथं एक रबरी पडदा असतो, त्याला सगळे डायफ्राम म्हणतात. पाण्याच्या जोराने तो पडदा सरकतो, पडदा एका दांडीला ढकलतो, दांडी एक बारकासा स्विच दाबते, स्विच बॅटरीच्या सेलना जागं करतो, सेल एकीकडे टिक टिक टिक ठिणग्या टाकायला लागतात आणि दुसरीकडे गॅसचा व्हॉल्व्ह उघडून धरतात. मग भप्प असा आवाज होतो आणि ज्योत पेटते. एवढ्यावर भागत नाही. ज्योतीत एक सळई असते, तिचं काम पाळतीचं. पेटलेल्या ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहू शकते. ती वाहते आहे तोवर सळई ‘सगळं ठीक’ म्हणून कळवत राहते. वीज थांबली की व्हॉल्व्ह बंद, गॅस बंद, गोष्ट संपली. पोलीसपाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच या चौघांच्या सह्या एकाच सकाळी मिळाव्यात तेव्हा एक बादली ऊन पाणी मिळतं.

या साखळीतला पहिला दुवा पाणी, हे आम्हाला शेजारच्या अण्णांनी समजावलं. अण्णांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यांनी गिझरकडे बघितलंसुद्धा नाही. ते अंगणात उभे राहिले, मान वर करून गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, “हेड नाही तुमच्याकडे.” हे वाक्य ते ज्या सुरात म्हणतात त्या सुरात घरातल्या कुणालाही ते स्वतःबद्दलचं वाटू शकतं. पण त्यांचा हिशेब पक्का होता. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाकी किती मोठी यावर नाही. टाकीच्या तळापासून गिझरपर्यंत किती उतार मिळतो तेवढाच जोर. गच्चीवर टेकलेली टाकी आणि भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर लटकवलेला गिझर यांच्यात मोजून दीड मीटरचं अंतर. कमी दाबावर चालतो म्हणून विकल्या जाणाऱ्या गिझरलाही साधारण दोन मीटर तरी लागतात.

“साडेअठ्ठ्याऐंशी मीटरच्या भिंतीखाली राहतोय आपण,” अण्णा म्हणाले, “आणि अर्ध्या मीटरसाठी अडलोय.” मग जरा थांबून त्यांनी पुढचं सांगितलं. “गॅसला बघा. रेग्युलेटरमधून बाहेर पडताना त्याला फूटभर पाण्याच्या उंचीएवढा दाब पुरतो. समाधानी आहे तो. तुमचं पाणीच हावरं.”

टाकीखाली विटांचा चौथरा बांधून ती उंच करायची, हा उपाय त्याच दिवशी ठरला. ठरला म्हणजे गवंड्याला सांगितलं. भातकापणीच्या दिवसांत गवंड्याला काही सांगणं म्हणजे काय, हे शहापूर-मुरबाडकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

तोवर गिझर आपल्या मर्जीने चालला. थंडीत त्याचं वागणं विशेष बघण्यासारखं होतं. टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं. नळ पूर्ण सोडला तर पाणी गिझरमधून इतक्या घाईने जातं की त्याला तापायला सवडच मिळत नाही. बाहेर पडतं ते कोमट. म्हणून आपण नळ बारीक करतो. बारीक केला की पडद्यावरचा जोर जातो, आणि ज्योत विझते. उन्हाळ्यात टाकी दिवसभर तापून तिच्यातलं पाणी आधीच कढत झालेलं असतं, तेव्हा मात्र तो पहिल्या फटक्यात पेटतो. इतका पेटतो की पाणी फार तापलं म्हणून त्याची दुसरी कळ दाबली जाते आणि तो पुन्हा विझतो. गरज असली की विझायचं आणि नसली की पेटून मग विझायचं, असं दोन्ही मोसमांचं वेळापत्रक त्याने बसवलेलं आहे.

आता घरातल्या इतर माणसांचं काय होतं ते सांगतो, कारण गिझर एकाच्या आंघोळीसाठी असला तरी तो चालवावा सगळ्यांना लागतो.

टाकी एक, पाइप एक. कुणी आंघोळीला गेलं की स्वयंपाकघरातला नळ उघडायचा नाही. धुण्याचा नळ नाही, बागेचा नाही, संडासातला तर नाहीच. ज्या क्षणी हा नियम मोडतो त्या क्षणी आतून हाक येते, “विझला हो!” या हाकेत एक विशिष्ट करुणा असते, कारण ती साबण लावल्यानंतरच येते. अंगावर साबण नसताना गिझर विझल्याची नोंद आमच्या घरात नाही. मग बाहेर चौकशी सुरू होते. कुणी नळ उघडला? कुणीच नाही. तांदूळ कुणी धुतले? तांदूळ धुणं म्हणजे काय नळ उघडणं आहे का? आत पुन्हा टिक टिक टिक. पुन्हा हाक. तोवर साबण वाळायला लागतो.

पाण्याचा बंदोबस्त झाला तरी गॅस उरतोच. शेगडी आणि गिझर एकाच सिलिंडरवर, मध्ये टी टाकून जोडलेले. शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट गॅस गिझर एकटा ओढतो. तो भप्प करून पेटला की इकडे शेगडीची ज्योत मान टाकते. तव्यावर तांदळाची भाकरी असते, आणि तांदळाची भाकरी ही ज्वारीइतकी सोशिक नसते. आच गेली की ती फुगायची नाही ती नाहीच, वर चिरते. त्यामुळे आंघोळ आणि भाकरी यांची वेळ एक असू नये, असा दुसरा नियम झाला. म्हणजे एक माणूस न्हाणीघरात आणि बाकीचे सगळे हातावर हात धरून बाहेर. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तर हा बंदोबस्त कळसाला पोचतो. पहाटेचा अंधार, उटण्याने माखलेली माणसं ओळीने ओट्यावर, पायाखाली कारीट फोडायला ठेवलेलं, आणि आत जावई. जावयाच्या आंघोळीत गिझर विझणं ही गोष्ट दोन कुटुंबांमधली असते. त्याला “विझला” असं ओरडताही येत नाही. तो गार पाणी सोसतो, बाहेर येऊन “छान झाली आंघोळ” म्हणतो, आणि पुढच्या दिवाळीला त्याला सुटी मिळत नाही.

गिझर विझतो ही बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. एकेक जण बघायला येऊ लागला, आणि प्रत्येकाला बिघाड त्याच्या त्याच्या धंद्यातच सापडला.

वायरमन म्हणाला, “सेल गेलेत.” ठिणगी तर पडतेय की, असं म्हटल्यावर तो कीव केल्यासारखा हसला. “ठिणगी पाडायला ताकद लागत नाय. व्हॉल्व धरून ठेवायला लागते. तुमचे सेल पेटवतात, पण धरत नाय.” हे खरं निघालं. टॉर्चचे दोन मोठे सेल थकले की ठिणग्या पडत राहतात, ज्योत क्षणभर पकडते आणि सोडून देते. नवे सेल घातले. पण टॉर्चलाही तेच सेल लागतात आणि वीज जाण्याचा विषय मी वर अर्धवट सोडलेला आहे. घरातले दोन धडके सेल उजेडाला द्यायचे की उबेला, यावर रोज संध्याकाळी मतभेद होऊ लागले. ज्या रात्री ते टॉर्चमध्ये राहतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आंघोळ करणाऱ्याला आधीच्या रात्रीचा इतिहास कळतो.

गॅसवाल्याने रेग्युलेटर खालीवर केला, पाइप बोटांत धरून त्यावरची तारीख वाचली आणि पाच वर्षं होऊन गेलेला पाइप बदलायला लावला. हे त्याने चांगलं केलं. मग सिलिंडरला हात लावून बघितला. गिझर चालू असताना सिलिंडरला बाहेरून घाम येतो, हात लावला तर गार लागतो. आतला द्रव भरभर वायू होताना स्वतःचीच ऊब खर्च करतो. संपत आलेल्या सिलिंडरला ही मेहनत झेपत नाही आणि गिझर आचके द्यायला लागतो. अशा वेळी सिलिंडर आडवा करून शेवटचा गॅस काढायची जी आपल्याकडे रीत आहे, ती ऐकून गॅसवाला जवळजवळ ओरडलाच. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव पाइपमध्ये येऊ शकतो. शिवाय त्याने हिशेब घातला: गिझर सलग चालला तर तासाला किलोच्या आसपास गॅस खातो, सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो, तेव्हा पंधराएक तासांत सिलिंडर गिझरनेच फस्त केला असं समजा. “आंघोळीला जास्त वेळ कोण घेतं घरात?” त्याने विचारलं. सगळ्यांनी कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीवांची तक्रार अशी होती की त्यांचा गिझर रोज ठरावीक वेळेला विझतो. ती खरी होती. बऱ्याच गिझरमध्ये सलग वीस मिनिटं चालल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. चिरंजीव तिला बिघाड म्हणतात. माझ्या मते सबंध यंत्रात अक्कल म्हणून जे काही आहे ते त्या एका सोयीत आहे.

पलीकडच्या काकू स्टोव्हची पिन घेऊन आल्या. ज्यांनी आयुष्यातली वीस वर्षं रॉकेलच्या स्टोव्हसमोर काढली, त्यांचा कुठल्याही ज्योतीच्या आजारावर पिन हाच उपाय असतो. “जेटमध्ये कचरा अडकलाय. एकदा पिन मारून तर बघा.” काकूंचं निदान बरोबर होतं, औषध चुकीचं. गिझरच्या जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं. पिनेने ते रुंदावलं की गॅस जादा, हवा कमी, आणि निळी ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. पण बर्नर उघडल्यावर आत खरोखरच कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं निघालं. पावसाळाभर गिझर बंद होता, तेवढ्यात तिने जागा बघून, माती आणून, लिंपून, गुळगुळीत करून बांधकाम पुरं केलं होतं. आम्ही गवंड्याची वाट बघत होतो आणि गवंडी आत होता.

आणि गिझरच्या तोंडाशी जिथं पाणी शिरतं तिथली बारीक जाळी अण्णांनी स्वतः काढून बघितली. तिच्यात लाल गाळ बसला होता. अण्णांनी तो चिमटीत घेऊन बराच वेळ न्याहाळला, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा. “मुंबईला पाणी आणि आपल्याला हा,” ते म्हणाले. जाळी धुतल्यावर गिझर कितीतरी सुधारला. कुणाच्या घरात गिझर विझत असेल तर सगळ्यात आधी ही जाळी बघावी आणि मग सेल. बाकीचे तज्ज्ञ नंतर बोलवावेत. तसे ते न बोलावताही येतातच.

आईचं म्हणणं वेगळं. तिच्या मते यातलं काहीच करायला नको होतं, तांब्याचा बंब मोडीत काढायला नको होता. बंबाला मधोमध नळकांडं, त्यात शेणी आणि लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी. पाणी सोडलं म्हणून तो विझत नसे आणि सोडलं नाही म्हणूनही विझत नसे. आईच्या माहेरी, मुरबाडकडे, तर रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत. सकाळी राख बाजूला केली, दोन फुंकरा मारल्या की विस्तव तयार. एखाद्या दिवशी निखारा विझलाच तर शेजारी विस्तव मागायला जायचं, आणि विस्तवाबरोबर रात्रीच्या बातम्याही आणायच्या. फुंकून फुंकून डोळे कसे लाल होत आणि धुराने घर कसं भरे, हे आई या कथेत सांगत नाही. ते मामा सांगतात, तेही आई आत गेल्यावर.

अमेरिकेतही रात्रभर एक ज्योत सांभाळून ठेवतात, हे आम्हाला न्यू जर्सीतल्या भाच्यामुळे समजलं. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीत काचेआड गॅसची शेकोटी आहे. खोटे सिरॅमिकचे ओंडके, त्यांच्यामधून खऱ्या ज्वाळा. खाली कोपऱ्यात एक चिमुकली ज्योत कायम जळत असते, बटण दाबलं की तिच्यावरून मोठी आग पेटते. ती चिमुकली विझत होती. वारा सुटला की विझायची, पुष्कळदा उगाचही विझायची. भाच्याने व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तेव्हा आमच्याकडचे सगळे अनुभवी लोक फोनभोवती जमले. आईने आधी मूळ मुद्द्यालाच हात घातला.

“त्यावर शिजवता काय?”

“काही नाही आजी.”

“मग पाणी तापवता?”

“नाही.”

“मग पेटवता कशाला?”

याला भाच्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या शेकोटीची रचना ऐकून अण्णा हरखले. त्या ज्योतीत एक बारीक दांडी बुडवलेली असते, थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की त्यातून वीज निघते, हे झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दाखवून दिलं. ही वीज असते ती केवढी? तीसेक मिलिव्होल्ट, म्हणजे आमच्या टॉर्चच्या सेलचा पन्नासावा भाग. तेवढ्यावर एक छोटा चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली, दांडी गार झाली, की चुंबक हात सोडतो आणि गॅस बंद. सेल नको, वीज नको. “म्हणजे आग स्वतःच स्वतःची राखण करते,” अण्णा म्हणाले. दांडीवर काजळी बसली, तिचं टोक ज्योतीबाहेर सरकलं किंवा ज्योतीचं भोकच बुजलं, की राखण ढिली पडते. भाचा मेकॅनिक बोलावणार होता. तिथला मेकॅनिक नुसता दारात यायचे जेवढे घेतो तेवढ्यात आमच्याकडे नवा गिझर येतो. अण्णांनी त्याला गॅस बंद करून, सगळं पुरतं गार होऊ देऊन, दांडीचं टोक बारीक पॉलिश पेपरने पुसायला सांगितलं. विझलेली ज्योत पुन्हा पेटवण्याआधी पाच मिनिटं थांबा, साचलेला गॅस जाऊ द्या, असं त्या शेकोटीवर लिहूनच ठेवलेलं होतं. भाचा घड्याळ लावून पाच मिनिटं थांबला. आमच्याकडे विझलेला गिझर पाच मिनिटं तसाच राहिला आहे असं कधी घडलेलं नाही. आत साबण लावलेला माणूस असतो ना.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा निरोप आला, शेकोटी विझत नाही. अण्णांच्या चालण्यात त्या आठवड्यात थोडा परदेशी रुबाब होता.

आणि मग आला ‘डायरेक्ट’वाला. प्रत्येक बाजारपेठेत असा एक कारागीर असतोच. त्याच्या हातात एक पकड आणि वायरचा तुकडा असतो आणि तोंडात एकच उपाय. मिक्सर थांबतो? डायरेक्ट करू. पंप ट्रिप होतो? डायरेक्ट करू. गिझर विझतो? “सेन्सर काढून डायरेक्ट करून देतो साहेब. परत विझायचाच नाय.” घरातल्या गारठलेल्या मंडळींना हा माणूस देवदूत वाटला. चिरंजीवांनी तर पकड धरायची तयारी दाखवली.

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “धरणाला पाच दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यातून पाणी जातं म्हणून उद्या कुणी म्हणालं, दरवाजे वेल्डिंग करून टाका, पाणी वाचेल. तर?”

कारागीर म्हणाला, “ते धरण हाय, अण्णा.”

“हे घर आहे,” अण्णा म्हणाले.

पकड पिशवीत गेली. अण्णांनी मग चिरंजीवांना पाटी आणायला लावून हिशेब मांडला, आणि तो मात्र ऐकताना कुणी हसलं नाही. आमचं न्हाणीघर चार फूट बाय सहा फूट, वर नऊ फुटांवर छत. गिझर तेव्हा आतच बसवलेला होता, जसा तो आपल्याकडे निम्म्या घरांत असतो. दहा मिनिटांत तो दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, आणि तेवढा गॅस नीट जळायला त्या खोलीतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. थंडी म्हणून दार बंद, खिडकी बंद, खालच्या फटीत पायपुसणं. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग चक्कर, आणि बंद दाराआड चक्कर येऊन पडलेल्या माणसाची हाक बाहेर येत नाही. हिवाळा आला की अशी बातमी पेपरात येते आणि आपण ‘अरेरे’ म्हणून पान उलटतो. लंडनच्या बेंजामिन मॉघनने १८६८ मध्ये घरगुती वापराचा गॅसचा पहिला गिझर काढला, त्यालाही धूर बाहेर जायला वाट ठेवलेली नव्हती. त्याला निदान पहिलाच असल्याची सबब होती.

तेव्हा ज्योत विझते म्हणून आम्ही इतके दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, तो गिझर घरातल्या सगळ्यांत जास्त डोकं ठिकाणावर ठेवून वागत होता, असा निकाल माझ्यापुरता मी दिला आहे. पाणी नाही? विझतो. सेल नाहीत? विझतो. ज्योत दिसत नाही? गॅस देत नाही. वीस मिनिटं झाली? पुरे. आमच्यापैकी एकालाही इतक्या वेळा ‘नको’ म्हणता येत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. बहुतेक गिझरना पाणी, ज्योत आणि वेळ कळते. खोलीतली हवा बिघडलेली कळतेच असं नाही. तिथं राखण आपल्यालाच करावी लागते.

गिझर आता न्हाणीघराबाहेर, मागच्या पडवीच्या भिंतीवर आहे. आत येतो तो फक्त गरम पाण्याचा पाइप. पडवीत जानेवारीत धरणाच्या बाजूने वारा येतो आणि ज्योत अधूनमधून त्यानेही विझते, म्हणून एका बाजूला पत्रा उभा केला आहे, वरून आणि खालून मोकळा ठेवून. गवंडी होळीच्या आधी येऊन गेला आणि टाकी तीन फूट वर गेली. विझण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. शून्य झालेलं नाही आणि ते होऊ नये असं अण्णांचं मत आहे.

तुमच्याकडे गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर या हिवाळ्याआधी तो बाहेर काढा. ते होईपर्यंत आंघोळीआधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग दार लावा. जाळी धुवा, सेल बदला, पाइपवरची तारीख वाचा, पिन कपाटात राहू द्या. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, बंदही करू नका. सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. आणि आत कुणी आंघोळीला असेल तर तांदूळ थोडे उशिरा धुवा.